दर गुरुवारी चालणारी फाइल

१

फाइल हरवणं ही आमच्या कार्यालयात काही नवलाई नाही. हरवते, सगळ्यांना शिव्या खायला लावते आणि कुणाच्या तरी डब्याखाली सापडते. पण त्या सोमवारी जी फाइल हरवली होती, ती चालत होती. तिथेच माझं डोकं फिरलं.

मी चौकशी अधिकारी. आमच्या कार्यालयाचं काम एकच. कुणाला आपला अवयव आपल्या माणसाला द्यायचा असेल, तर कागद तपासायचे, नातं खरं आहे ना, कुणी जबरदस्ती करत नाही ना, ते बघायचं आणि परवानगीचं पत्र द्यायचं. त्या पत्राशिवाय कुठलंही रुग्णालय हात लावत नाही. आणि या कामात आमच्यापैकी कुणी घोळ घातला, तर तो शोधायला मी. पाठीमागे मला शंकासुर म्हणतात. तोंडावर साहेब म्हणतात, पण सूर तोच.

माझ्यासमोर बसलेली बाई पस्तिशीची असेल. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते म्हणाली.

"साहेब, अकरा आठवडे झाले. भावाला मूत्रपिंड द्यायचंय. माझं जुळतं. डॉक्टर तयार आहेत. अडलंय ते तुमच्या पत्रावर."

"भाऊ कसा आहे?"

"आठवड्यातून तीनदा मशीनवर असतो. धाकटा आहे माझा. पोहायला शिकवायचा. आता ग्लासभर पाणीसुद्धा मोजून पितो."

मग तिने मुदत सांगितली. तिच्या तपासण्या तीन महिनेच धरतात, त्या या शुक्रवारी संपत होत्या. शुक्रवारी पाचच्या आत पत्र रुग्णालयाच्या खिडकीवर पोचलं नाही, तर सगळं पहिल्यापासून. "डॉक्टर म्हणाले, तेवढा वेळ त्याच्याकडे नाही." हे तिने असं सांगितलं की जणू दुसऱ्या कुणाचा निरोप देतेय. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी तिला घेऊन मोठ्या पडद्यासमोर गेलो. हा पडदा आठ महिन्यांपूर्वी आला. कामकाज सुधारायला वरून एक अधिकारी नेमले, त्यांना आम्ही बदलसाहेब म्हणतो, त्यांनी आणला. प्रत्येक फाइलची त्यावर एक पट्टी. सात दिवसांत जागची हलली असेल तर हिरवी, नाहीतर लाल. लाल झाली की खुलासा मागतात आणि खुलासा येईपर्यंत फाइल गोठवून ठेवतात.

बाईंची फाइल हिरवीगार होती. शेवटची हालचाल, गेला गुरुवार.

"मला दर वेळी हेच सांगतात," ती म्हणाली. "ताई, हिरवी आहे, चालू आहे, काळजी करू नका."

तिला बसवून मी दोन तास फाइल शोधली. टेबलांवर नाही, खणांत नाही, मोठ्या बाईंच्या सहीसाठी लावलेल्या ढिगात नाही. मोठ्या बाई म्हणजे आमच्या संचालक. अखेर संगणकावर रीतसर चौकशी नोंदवली, कारण त्याशिवाय फाइलचा प्रवास उघडून दाखवत नाहीत. बटण दाबलं आणि यादी समोर आली.

फाइल दहा वेळा चालली होती. दहा गुरुवार, दहा हालचाली. आणि अख्ख्या मजल्यावर ती पाहिलेला एकही माणूस नव्हता.

२

यादी वाचायला दोन मिनिटं पुरली. टेबल दोनवरून कायदा टेबलाकडे. पुढच्या गुरुवारी कायदा टेबलावरून टेबल दोनकडे. पुन्हा तिकडे, पुन्हा इकडे. प्रत्येक वेळी शेरा एकच, 'चर्चा करावी'. आणि वेळ साधारण साडेदहाची, चहा यायच्या आधीची.

टेबल दोनवर नाना बसतात. बावन्न वर्षांचे, मान खाली घालून काम करणारे. नऊ वर्षं बढतीची वाट बघतायत. यंदाच्या यादीत त्यांचं नाव पहिलं होतं आणि यादी पुढच्या आठवड्यात निघणार होती, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं.

"नाना, ही फाइल कुठे आहे?"

"वकिलांकडे, साहेब."

"तुम्ही कागद पाहिलेत?"

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "नाही. माझ्या हाताला कागद लागलाच नाही कधी."

वकील नानांच्या समोरच, दहा पावलांवर बसतात. दुसऱ्या खात्यातून उसने आणलेले गृहस्थ. उसन्या भांड्यासारखं त्यांनाही सारखं वाटतं की आपल्याला नीट वापरत नाहीत.

"फाइल नानांकडे आहे," ते म्हणाले. "मला विचारू नका. मी कायद्याचं बघतो, कागद सांभाळत बसत नाही."

"नाना म्हणतात तुमच्याकडे."

"मग नानांना म्हणावं, लेखी द्या." एवढं बोलून त्यांनी शिपायाला हाक मारली, एक चिठ्ठी लिहिली आणि दहा पावलांवर पाठवली. नानांनी ती वाचली, पाठीमागे उत्तर लिहिलं आणि शिपाई चिठ्ठी घेऊन परत आला. मी मधे उभा राहून हा खेळ बघत होतो. दोन वर्षांपूर्वी खिडकीशेजारच्या जागेवरून त्यांचं वाजलं होतं, तेव्हापासून हे असंच.

मग आवकबाईंची खिडकी. बाहेरून येणारा प्रत्येक कागद पहिला त्यांच्या हातात पडतो. बोलायला लागल्या की थांबत नाहीत, पण कामाचं एक वाक्य त्यात हमखास असतं.

"अहो साहेब, माझ्याकडे काही राहत नाही. आलं, नोंदलं, स्कॅनला पाठवलं. तिकडून शिक्का मारून आलं की टेबलावर देते. शिक्का नसलेलं मी हातातसुद्धा घेत नाही, अख्खा गठ्ठा परत. एकदा घेतलं होतं तर बदलसाहेब सगळ्यांसमोर बोलले मला. अजून कायम झालेली नाही मी, साहेब. आदेश निघायचाय. मला कशाला यात गुंतवता?"

"कुणी गुंतवत नाही. या फाइलचं काही आठवतं?"

"छे! दिवसाला शंभर येतात."

बदलसाहेबांकडे गेलो तर त्यांनी हसून स्वागत केलं. माणूस तरतरीत, वागायला गोड, आणि खरंच काहीतरी चांगलं करायचं म्हणून आलेला. त्यांना वाईट म्हणायची माझी फार इच्छा होती, पण जमलं नाही.

"फाइल हिरवी आहे ना?" त्यांनी विचारलं. "मग हरवली कशी म्हणता? तुम्ही जुन्या सवयीने कागद शोधताय. प्रवास बघा, प्रवास!"

काखेत कळसा नि गावाला वळसा, असं मनात म्हणत मी उठलो. दारातून बाहेर पडतो तोच आवकबाई कोपऱ्यात उभ्या दिसल्या. पदराखाली एक वही होती.

"साहेब, कुणाला सांगू नका," त्या कुजबुजल्या. "नानांनी तुम्हाला खोटं सांगितलंय."

३

हातानं वही ठेवायला आठ महिन्यांपासून बंदी आहे. आवकबाईंनी ती चोरून चालू ठेवली होती, कारण, त्यांच्याच शब्दांत, "संगणक विसरला तर माझ्या नावानं बोंब होईल."

अकरा आठवड्यांपूर्वीच्या पानावर त्यांचं बारीक अक्षर होतं. बहीण-भाऊ, मूत्रपिंड. त्यापुढे, 'नाना स्वतः घेऊन आले. ना. प.'

"ना. प. म्हणजे?"

"नारिंगी पट्टी. तातडीच्या फाइलला लावतात ती. नानाच म्हणाले, लावा. माझ्यासमोर लावून घेतली आणि मगच गेले."

म्हणजे कागद नानांच्या हातात होता, तरी त्यांनी माझ्या डोळ्याला डोळा न देता नाही म्हणून सांगितलं. माझा पारा चढला. चोवीस वर्षं मी या धंद्यात आहे, खोटं बोलणारा माणूस आधी चष्मा पुसतो हे मला कळायला हवं होतं.

नानांना मी जिन्याजवळच्या रिकाम्या खोलीत नेलं आणि वही समोर ठेवली.

"ताकाला जाऊन भांडं का लपवता, नाना? फाइल तुमच्या हातात होती."

नाना खुर्चीत बसले. "होती. पाच मिनिटं."

"मग खोटं का बोललात?"

"खिडकीआधी अर्जदाराच्या कागदाला हात लावायचा नाही, असा नियम आहे ना आता. बढतीची यादी निघायचीय, साहेब. घाबरलो." त्यांनी वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "बाई व्हरांड्यात अर्ज भरत होती. हात असा थरथरत होता की रक्तगट दोनदा चुकीचा लिहिला. मी शेजारी बसलो, भरून दिला, खिडकीवर नेला आणि पट्टी लावून घेतली. म्हटलं, हिचं आधी व्हावं."

"आणि मग अकरा आठवडे काय केलंत?"

"जिवंत ठेवली," नाना म्हणाले.

४

नानांचं म्हणणं मला आधी कळलंच नाही. मग मी यादी पुन्हा काढली आणि तो शेरा वाचला. चर्चा करावी. चर्चा करावी. दहा वेळा.

अरे, ज्यांचं दोन वर्षं बोलणं बंद आहे, जे दहा पावलांवर शिपायाकरवी चिठ्ठ्या पाठवतात, ते दहा वेळा चर्चा कशाची करणार? चर्चा झालीच नव्हती. मग गुरुवार का? कारण शुक्रवारी सकाळी बदलसाहेब लाल फाइलींची यादी छापतात. गुरुवारी ढकललं की पट्टी हिरवी, आठवडा सुटला.

मी दोघांना त्या खोलीत समोरासमोर बसवलं. वकील आधी कायद्याच्या गोष्टी सांगायला लागले, मी म्हटलं, "वकीलसाहेब, फक्त हो किंवा नाही. हातात कागद नसताना फाइल पुढे पाठवलीत?"

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, कागद यांच्याकडे."

"आणि मला वाटलं, यांच्याकडे," नाना म्हणाले. "पहिल्या आठवड्यात कागद आलाच नाही. लाल झाली तर गोठवतील, मग महिनाभर सुटका नाही. म्हणून पाठवली. वाटलं, स्कॅनवरून थेट यांच्याकडे गेली असेल. पुढच्या गुरुवारी यांनी परत पाठवली, तेव्हा वाटलं, यांनी वाचली असणार."

"एकदा तरी विचारायचं एकमेकांना!"

विचारायचं म्हणजे कबूल करायचं की आपण कागद न बघता पाठवली. त्यापेक्षा दर गुरुवारी एक बटण सोपं. आणि हे दोघेच असं करत होते असं नाही. पडद्यावरच्या निम्म्या हिरव्या पट्ट्या अशाच हिरव्या असणार, हे त्या क्षणी मला कळलं.

मग कागद गेला कुठे? आवकबाईंकडून स्कॅनला निघाला, टेबलावर आला नाही. मधे एकच खोली उरली. मंगळवारी सकाळी मी तळमजल्यावरच्या स्कॅनच्या खोलीत गेलो. तिथे कंत्राटावरचे एक काका दिवसभर उभ्याने कागद यंत्रात घालतात. कंबर धरून वळले.

"नारिंगी पट्टी? ती मी घेत नाही, साहेब. हा कागद आहे ना."

भिंतीवर परिपत्रक चिकटवलेलं होतं. 'तातडीच्या फाइली स्कॅनिंगसाठी अडवून ठेवू नयेत.'

"मग त्यांचं काय करता?"

"परत पाठवतो. पण वर घेत नाहीत. शिक्का नाही म्हणतात. त्यांच्याकडे दुसरा कागद आहे म्हणे, स्कॅन न झालेली फाइल टेबलावर देऊ नये. मग मी काय करणार? इकडेही नको, तिकडेही नको. जिन्याखालच्या कपाटात ठेवतो. नेतील कधीतरी."

किल्ली त्यांच्याच खिशात होती. कपाट उघडलं. वरपासून खालपर्यंत फाइली, आणि प्रत्येकीला नारिंगी पट्टी. मी मोजल्या, त्रेसष्ट. आमच्या कार्यालयातलं जेवढं काही तातडीचं होतं, तेवढं सगळं तिथे एकावर एक रचून ठेवलं होतं. त्या बहिणीची फाइल चौथ्या कप्प्यात सापडली.

मी ती छातीशी धरली. आनंदाने बोलायला जाणार, तेवढ्यात भिंतीवरच्या परिपत्रकाच्या खाली नजर गेली. मसुदा तयार करणाऱ्याची सही होती.

सही माझी होती.

५

आठवलं सगळं. नवी पद्धत येणार म्हणून आमच्या मजल्यावर बैठक झाली होती. मीच उठून म्हणालो होतो की स्कॅनिंगच्या रांगेत तातडीची प्रकरणं अडकली तर माणसं मरतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी वाक्य लिहिलं, सही केली आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं की आज एक चांगलं काम केलं. त्याच दिवशी वरच्या मजल्यावर बदलसाहेबांच्या बैठकीत दुसरं वाक्य लिहिलं गेलं. तेही चांगलंच होतं. दोन्ही बैठकांच्या मधे एक जिना होता. तो कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही.

म्हणजे चोर कुणीच नव्हता. नानांनी मायेने पट्टी लावली नसती, तर फाइल दोन महिन्यांपूर्वीच मोठ्या बाईंच्या सहीला गेली असती.

आवकबाईंना बोलावलं. "बाई, या सगळ्या पट्ट्या काढून टाका."

"पण साहेब, तातडीच्या आहेत!"

"म्हणूनच. पट्टी काढली की फाइल साधी होते. साधी झाली की चालायला लागते."

दुपारपर्यंत आम्ही दोघांनी नखांनी बासष्ट पट्ट्या सोलल्या. काकांनी यंत्र सुरू केलं. बासष्ट फाइलींना शिक्के पडले, वर गेल्या. त्रेसष्टावी यंत्रात गेली तेव्हा पडद्यावर अक्षरं आली. 'चौकशी प्रलंबित. फाइल बंद.'

मी सोमवारी दाबलेलं बटण.

धावत बदलसाहेबांकडे गेलो. त्यांनी बघितलं आणि त्यांचाही चेहरा उतरला. "चौकशीतली फाइल पुरावा असते. अहवाल दाखल झाल्याशिवाय उघडत नाही."

"मग आत्ता अहवाल देतो. फाइल सापडली. दोन परिपत्रकांचा घोळ. दोष कुणाचा नाही."

मी त्यांच्याच संगणकावर लिहिलं. खाली एक चौकोन होता, 'जबाबदार कर्मचारी'. रिकामा सोडला, घेतलं नाही. 'कोणी नाही' लिहिलं, घेतलं नाही. 'परिपत्रक' लिहिलं. 'कर्मचारी क्रमांक टाका' असं उत्तर आलं.

"तो चौकोन मीच सक्तीचा केला," बदलसाहेब हळूच म्हणाले. "पूर्वी चौकशा व्हायच्या आणि जबाबदार कुणीच निघायचं नाही. लोक चिडायचे. त्यांचंही बरोबरच होतं ना?"

"मग काढा तो चौकोन."

"समिती लागते. पंधरा दिवसांनी बसते."

"मोठ्या बाईंकडून साध्या कागदावर सही आणतो."

"रुग्णालय संगणकाच्या क्रमांकाशिवाय पत्र घेत नाही. ते आपणच त्यांना बजावून सांगितलंय."

मी माझा स्वतःचा क्रमांक टाकला. वाक्य माझं, सही माझी, दोष माझा. मनापासून टाकला. संगणक क्षणभर थांबला आणि म्हणाला, 'चौकशी अधिकारी व जबाबदार कर्मचारी एक असू शकत नाहीत. प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे वर्ग करायचे? मुदत तीस दिवस.'

मी नको म्हटलं.

६

बुधवारभर मी माणसं शोधत होतो. गुन्हेगार शोधण्यात आयुष्य गेलं, पण असा शोध कधी घेतला नव्हता. क्रमांक हवा होता, फक्त एक क्रमांक.

काका कंत्राटावर, त्यांना क्रमांकच नाही. वकील उसने, त्यांचा क्रमांक आमच्या यादीत नाही. बदलसाहेब स्वतः म्हणाले, "माझा टाका." खरंच म्हणाले, त्यांना कमी लेखायचं नाही मला. पण त्यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचं नाव आलं की अहवाल मंत्रालयात जातो, तिथून यायला दीड महिना. उरल्या आवकबाई आणि नाना. आवकबाईंचं नाव गेलं तर कायम होण्याचा आदेश गेला, म्हणजे नोकरीच गेली. नानांचं गेलं तर बढती.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी शेकडो वेळा वापरली असेल. हसत वापरली. आता फास माझ्या हातात होता आणि समोर दोन संन्यासी.

बहिणीचा दर तासाला फोन येत होता. "साहेब, सापडली म्हणालात ना? मग?" मी म्हणायचो, होतंय, ताई. तिला काय सांगणार, की सापडली म्हणूनच अडकली?

गुरुवारी सकाळी साडेदहाला नाना माझ्या खोलीत आले. चहाचा पेला हातात होता, माझ्यासाठी आणलेला.

"आवकबाईंनी सांगितलं मला चौकोनाचं," ते म्हणाले. "लिहा माझं."

"गप्प बसा, नाना."

"नियम मोडलाच आहे मी. कागदाला हात लावला, पट्टी लावून घेतली, न बघता दहा वेळा... पाच वेळा माझ्याकडून, पाच वेळा त्यांच्याकडून. खोटं काय आहे त्यात?"

"दिरंगाईला जबाबदार तुम्ही, हे खोटं आहे! तुम्ही एकट्याने तिची काळजी केलीत."

"काळजी करून फाइल कपाटातच गेली ना." त्यांनी चहा टेबलावर ठेवला. "नऊ वर्षं थांबलो. घरी सांगीन, यंदाही नाही झालं. त्यांना सवय आहे. त्या पोराला थांबायची सवय नाही."

मला रडू आलं. या वयात, कार्यालयात, सरकारी खुर्चीत बसून. नानांनी खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं.

"एक लक्षात ठेवा," मी म्हणालो. "अहवाल खोटा आहे असं कुणी म्हटलं की चौकशी पुन्हा उघडते आणि तिच्यावर दिलेलं पत्र रद्द होतं. शस्त्रक्रिया होईपर्यंत मला तोंड उघडता येणार नाही. तुम्हालाही नाही. कुणी काहीही बोललं तरी."

"कोण काय बोलणार मला?" नाना हसले.

मी त्यांचा क्रमांक टाकला. संगणकाने एका क्षणात घेतला. फाइल उघडली. एवढ्या चांगुलपणाने त्याने त्या दोन दिवसांत एकही गोष्ट केली नव्हती.

७

शुक्रवारी पावणेचारला मोठ्या बाईंची सही झाली. सव्वाचारला पत्रावर क्रमांक पडला. मी स्वतः बहिणीच्या हातात दिलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं, क्रमांक बोटाने तपासला आणि पिशवीत ठेवलं.

"रिक्षाने जा, ताई. पाऊण तास आहे."

"जाते. एकच विचारायचंय. टेबल दोन कुठलं?"

तिने मोबाइल पुढे केला. नव्या पद्धतीत तक्रारदाराला निकाल आपोआप कळवतात, ही सुधारणा मी विसरलोच होतो. 'आपल्या तक्रारीची चौकशी पूर्ण झाली आहे. दिरंगाईस जबाबदार कर्मचारी, टेबल क्रमांक २.'

"राहू द्या आता," मी म्हणालो. "वेळ जाईल."

पण तिला पाटी दिसली होती. ती सरळ नानांसमोर जाऊन उभी राहिली. वकिलांनी मान वर केली. आवकबाई खिडकी सोडून बाहेर आल्या. मी तिच्या मागे चार पावलांवर.

"तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्हीच होतात?"

नाना उठून उभे राहिले.

"घरी मी तुमचं नाव काढायची रोज. भाऊ विचारायचा, ताई, कागद आला का? मी सांगायची, अरे, तिथे एक नाना आहेत, देवमाणूस आहेत, ते बघतायत. तो मशीनवर पडल्या पडल्या तुमच्या नावाने हात जोडायचा. आणि तुम्ही गोड बोलून अकरा आठवडे माझी फाइल दाबून ठेवलीत? का? काय पाहिजे होतं तुम्हाला? मागितलं असतं तर अंगावरचं काढून दिलं असतं मी!"

आवकबाईंच्या तोंडून काहीतरी निघणार होतं. मी त्यांचा हात घट्ट धरला. मजल्यावर तीस माणसं होती, पैकी चार जणांना खरं माहीत होतं, आणि चौघंही दातखीळ बसल्यासारखे उभे. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"त्याला काही झालं ना," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज फुटला, "तर तुम्हाला कधी सुख लागणार नाही. बहिणीचा शाप आहे माझा."

नानांनी मान खाली घातली. "चुकलं माझं, ताई," ते म्हणाले. "तुम्ही निघा आता. ती खिडकी पाचला बंद होते."

ती वळली. चपलांचा आवाज दारापर्यंत गेला, मग जिन्यावरून उतरायला लागला. नाना खुर्चीवर बसले आणि समोरची फाइल उघडली, पण पान उलटेना.

"नाना," मी म्हणालो, "मला नाही सहन होत हे. मी जातो, तिला सांगतो."

"गप्प बसा, साहेब," नाना मान वर न करता म्हणाले. "ती अजून जिन्यातच असेल."